ट्रान्झिटकाका

ट्रान्झिटकाकांपुढे कुणाचीच थाप चालत नसे. आमच्या शोरूममध्ये हे फार गैरसोयीचं होतं, कारण त्या काळात आमचा अर्धा धंदा थापांवरच चालला होता.

दोन हजार अकरा-बाराचा सुमार असेल. पनवेलला हायवेलगतच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये मी गाड्या विकायला होते. विकायला म्हणजे काय, गाड्या नसल्याचं सांगायला. पेट्रोल महागलं आणि जो तो डिझेलच्या गाडीमागे लागला. कारखान्यातून यायच्या महिन्याला चार-पाच गाड्या आणि यादीत माणसं शंभरावर. खरी मुदत सांगितली तर गिऱ्हाईक समोरच्या शोरूममध्ये जाणार, म्हणून आम्ही सरसकट दीड महिना सांगायचो. दीड महिना उलटला की फोन सुरू व्हायचे. मग मॅनेजरसाहेबांनी पढवून ठेवलेलं वाक्य आम्ही मुली गोड आवाजात म्हणायचो, "सर, तुमची गाडी ट्रान्झिटमध्ये आहे." म्हणजे कारखान्यातून निघाली, वाटेत आहे. डॉक्टर, वकील, बिल्डर, सगळे निमूट ऐकून घ्यायचे.

पांढरी गाडी नोंदवलेल्या काकांना हे वाक्य मी ऐकवलं तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक मळकी डायरी काढली. "कनच्या ट्रेलरवर हाय? ड्रायवरचा नाव सांग, बाय."

मी काय सांगणार, कप्पाळ! हे गृहस्थ तीस वर्षं ट्रेलरच चालवत होते हे मला कुठं ठाऊक! आधी न्हावा शेव्याचे कंटेनर आणि नंतर नव्याकोऱ्या मोटारी वाहून नेणारे ते लांबलचक दुमजली ट्रेलर. देशभरातल्या ड्रायव्हरांचे नंबर त्या डायरीत होते. माझ्यासमोर बसूनच त्यांनी तीन फोन लावले, हिंदीत प्रत्येकाच्या पोराबाळांची चौकशी केली आणि मला म्हणाले, "दोन ट्रेलर निंगालं. दोनी गुजरातला गेलं. आपली गारी अजून बनलीच नाय." आवाजात राग नव्हता, उलट मला माहिती पुरवल्याचं समाधान होतं. त्या दिवसापासून त्यांचं नाव ट्रान्झिटकाका पडलं.

मग ते दर गुरुवारी येऊ लागले. शिरढोणच्या पलीकडे त्यांचं गाव. सहा आसनी रिक्षातून उतरायचे, चपला बाहेर काढून आत यायचे. किती वेळा सांगितलं, काका, इथं सगळे बूट घालून येतात, पण नाही. बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि सोबत आणलेल्या उकडलेल्या शेंगा आम्हां सगळ्यांना वाटायचे. मांडून ठेवलेल्या गाडीच्या दारावरून हात फिरवून "हिला उतरवताना मागं लागलंय, नंतर रंग मारलाय" असं खुशाल मोठ्यानं सांगायचे, तेही समोर गिऱ्हाईक असताना. मॅनेजरसाहेबांना घाम फुटायचा. पण पुढे पुढे तेच साहेब हळूच मला म्हणू लागले, "जरा तुझ्या काकांना विचार ना, आपला माल कधी येतोय?" कंपनीपेक्षा काकांची बातमी खरी ठरत असे.

एकदा मी विचारलं, "काका, इतकी धावाधाव कशाला? एखादी जुनी गाडी घ्या ना."

"हजारो नव्या गाऱ्या चालवल्या मी," ते म्हणाले. "पन ट्रेलरवरशी खाली उतरवाच्या, तवऱ्याच. खाली आली का चावी दुसऱ्याच्या हातान. आता नवी घेनार, न् कागद आमच्या नावाचा." मग जरा लाजून म्हणाले, "तुजी काकू उरनची. तिला म्हायेरी नेवाला कदी तिचा भाऊस, नायतर सहा शिटर. मी आपला नागपूर नायतर मदुराई. यकदा तिला बाजूला बसवून मीच नेनार."

इतकंच होतं. ना लोकांना दाखवायचं, ना गावात मिरवायचं.

तिसऱ्या महिन्यात एका अर्जावर सही करताना त्यांनी ती रेघेच्या बोटभर खाली केली. मी थट्टेनं म्हटलं, "काका, सहीसुद्धा ट्रेलरवरून उतरवली का?" ते हसले नाहीत. इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "साखर डोल्यात उतरली, बाय. आतल्या पडद्यावर रगत येतंय. डॉक्टर बोल्ला, आज दिसतंय, उद्याचा भरवसा नाय."

"घरी माहीत आहे?"

"घरी बोल्लो, चष्म्याचा नंबर वाराय लागलाय."

मी तडक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी यादी काढली, पांढऱ्या गाडीसाठी काकांच्याच नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पहिला नंबर त्यांचाच आहे. पुढची पांढरी त्यांची. शब्द देतो." पुढच्याच महिन्यात एक पांढरी आली. दुपारी साहेबांना वरून फोन आला आणि संध्याकाळी ती गाडी कुणा वजनदार माणसाच्या मुलाच्या नावावर झाली. मी भांडले. आवाज चढवला, राजीनाम्याची भाषा केली. साहेबांनी यादी खणात सरकवली. "माझ्या हातात असतं तर...," एवढंच म्हणाले. राजीनामा मीही दिला नाही. घरी हप्ते होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी काका आले. इस्त्रीचा सदरा, हातातल्या पिशवीत झेंडूचा हार. ट्रेलरवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं त्यांना कळवलंच होतं, पनवेलला पांढरी उतरवली म्हणून. समोर त्या मुलाचं कुटुंब गाडीपुढे नारळ फोडत होतं. काकांनी तिकडे डोळे बारीक करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं. "काका, तुमची ट्रान्झिटमध्ये आहे."

त्यांनी डायरी काढली नाही. ड्रायव्हरचं नाव विचारलं नाही. "बरा," म्हणाले, "येल." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला पायात घालून निघून गेले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अजूनही वाटते.

त्यांची गाडी आली ती त्यानंतर अडीच महिन्यांनी. काका पुतण्याच्या दंडाला धरून आले. पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी उठले तर समोर नुसतं धुकं, असं पुतण्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. लेझर झालं, आता अजून काही होण्यासारखं नव्हतं. बरोबर काकू होत्या. ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या, डोक्यात अबोलीचा गजरा. त्यांनी गाडीची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली. पुतण्यानं चावी घेतली. काकू मागचं दार उघडू लागल्या, तसे काका म्हणाले, "तू पुरं बस, माज्या बाजूला." आणि चाचपडत जाऊन स्वतः स्टिअरिंगमागे बसले.

काकू त्यांच्या शेजारी बसल्या. दारं लागली. काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पुतण्या बाहेर चावी हातात घेऊन उभा. काच अर्धी खाली होती, म्हणून मला काकांचं बोलणं ऐकू आलं, "पोर उबा हाय गो. उतरू?"

"ऱ्हावा वो जरा," काकू म्हणाल्या. "मना घाई नाय."

आणि त्यांनी पदर सारखा करून समोर पाहिलं, लांबच्या रस्त्याला लागल्यासारखं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पुढचं गिऱ्हाईक पेढे घेऊन ताटकळत होतं. काचेच्या खोलीतून मॅनेजरसाहेबांनी मला हातानं खूण केली, जागा मोकळी करून घे, त्यांना सांग.

मी गेले नाही.