तोरेलची वारसदार

आमच्या डोंगरात माणसाला आडनावाने कुणी ओळखत नाही, घराच्या नावाने ओळखतात. घर तोरेल, म्हणून ती तोरेलची रेमेई. तिचा नवरा एऊदाल्द लग्न करून तिच्या घरी राहायला आला, तर आठवडाभरात तोही तोरेलचा झाला. त्याचं खरं आडनाव पुढे त्याच्या थडग्यावर वाचलं, तेव्हा निम्म्या गावाला ते नवीन होतं.

मी बाल्दिरी, शेजारच्या घरचा दुसरा मुलगा. आमच्याकडे सगळं एकालाच मिळतं. घर, जमीन, गुरं, आणि आईबापांचं म्हातारपणसुद्धा. बाकीच्यांच्या हातावर काहीबाही टेकवून त्यांना वाटेला लावतात. मला सांत अमांस गावच्या बेकरीत चिकटवलं, तेव्हा मी रडत रडत गेलो होतो. आता रेमेईकडे बघतो आणि मनात म्हणतो, थोडक्यात वाचलास रे.

रोज सकाळी मी तोरेलला पाव घेऊन जातो. दारावरच्या दगडात १५८३ साल कोरलेलं आहे, आणि त्या दगडाखाली रोज कुणी ना कुणी फोटोसाठी उभं असतं, त्यामुळे मला टोपली आडवी धरून अंग चोरत आत शिरावं लागतं. जिथे पूर्वी गाई रवंथ करत बसायच्या तिथे आता बार्सिलोनाची माणसं झोपतात, आणि गाईंपेक्षा बरीच उशिरा उठतात. गाई परवडेनात तेव्हा रेमेई आणि एऊदाल्दने गोठ्याच्या खोल्या करून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुणे येतात, दोन रात्री राहतात, टोमॅटो चोळलेला पाव खातात, कोंबड्यांची नावं विचारतात. जाताना रेमेईचा हात धरून म्हणतात, "किती नशीबवान हो तुम्ही. आमचा तर पायच निघत नाही इथून." एवढं बोलून गाडीत बसतात आणि निघतात. माझं डोकं फिरतं.

"चिडतोस कशाला?" रेमेई म्हणते. "बिचारे खरंच बोलतात."

"मग राहू देत की इथे. त्यांना चुलीपाशी बसव आणि तू जा त्यांच्या गाडीतून."

"गाडी चालवता येत नाही मला," ती म्हणते, आणि चादरी गोळा करायला जाते.

हे सगळं एका पावापासून सुरू झालं, आणि तो माझ्या तेव्हाच्या मालकाच्या भट्टीतला होता. तोरेलमध्ये पाव फक्त घरधनी कापतो. पाव उलटा करायचा, तळावर सुरीच्या टोकाने क्रूस ओढायचा आणि मग कापायचा. ती सुरी एका पिढीकडून दुसरीकडे एकदाच जाते. ज्याने घेतली, तो मरेपर्यंत त्या घराचा. रेमेईच्या वेळी वारस होता तिचा मोठा भाऊ क्लिमेन. पण तो एका बाईपायी सरहद्दीपलीकडे फ्रान्सात, पेर्पिन्याला गेला आणि तिकडचाच झाला. रेमेई तेव्हा एकोणीस वर्षांची. ब्लानेसला समुद्राकाठी तिची आत्या बायकांचे केस कापायचं दुकान चालवायची, नाताळ झाला की रेमेई तिच्याकडे जाणार होती. बॅगसुद्धा भरून झाली होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर जेवायला बसलं, क्लिमेनची खुर्ची रिकामी, आणि बापाने सुरी तिच्या ताटापुढे ठेवली.

तिने पाव कापला.

"मला वाटलं, आजच्यापुरता कापते," पुढे खूप वर्षांनी ती मला म्हणाली. "बाबांचा चेहरा बघवत नव्हता रे. म्हटलं, आजचा दिवस साजरा होऊ दे."

आमच्यात आजच्यापुरतं असं काही नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्या वयात बापाचा पडलेला चेहरा समोर असताना कोण एवढा विचार करतो? मग बापाला अर्धांगवायू झाला. मग आई. गाईंच्या धारांसाठी संध्याकाळच्या आत घरी पोचावं लागायचं, म्हणून तिची धाव रिपोलच्या बाजारापर्यंत. लग्नानंतर दोघं फिरायला जाणार होती, तर नेमकी एक गाय अडली. गाई गेल्या आणि पाहुणे आले, म्हणजे दावं तेच राहिलं, फक्त खुंटा बदलला. एऊदाल्दला पुरलं त्या दिवशीही चार जर्मन दारात उभे होते. त्यांना चाव्या देऊन, गरम पाण्याचा नळ कसा फिरवायचा ते दाखवून मग ती स्मशानात आली. तोवर पाद्रीबुवा ताटकळत उभे होते, आणि मी त्यांना पावसापाण्याच्या गप्पांत गुंतवून ठेवलं होतं.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी पाव घेताना ती मला हळूच म्हणाली, "मंगळवारी मला ब्लानेसला नेशील? कुणाला सांगू नकोस."

नेलं. तिथे एका विधवेची तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा भाड्याने मिळत होती. समुद्र दिसायचा म्हणजे गॅलरीच्या कठड्यावरून मान वाकडी केली तर. पण रेमेईला समुद्राचं काही नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मीही आत जायला लागलो, तर दोघं मावेनात.

"बघ ना," ती म्हणाली, "इथे कुणाला राहायला बोलावताच येणार नाही." आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पन्नासेक वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं आणि मी उगाच नळ उघडून बघत बसलो.

तिने सगळं ठरवलं होतं. जिरोनाचं एक तरुण जोडपं घर चालवायला घ्यायला तयार होतं. सगळ्या संतांच्या दिवशी आमच्याकडे गावोगावची माणसं आपापल्या थडग्यांवर फुलं ठेवायला परत येतात. तेव्हा तिची एकुलती एक मुलगी एलिसेंदा येणार होती. तिला तेवढं सांगायचं, की झालं.

त्या दिवशी मी पाव घेऊन गेलो तर मायलेकी स्वयंपाकघरात बदामाचे गोळे वळत होत्या. चुलीवर चेस्टनट भाजत होते. एलिसेंदा तिशीची. बार्सिलोनाला पवनचक्क्यांचं काहीतरी शिकलेली, आणि जानेवारीपासून तिला नॉर्वेत बर्गनला काम मिळालं होतं. तिचा आर्नाऊ आधीच तिकडे जाऊन घर बघून आला होता. मी टोपली ठेवत होतो तेवढ्यात रेमेईने विषय काढला.

"जिरोनाचं एक जोडपं आहे. हॉटेलचं शिकलेलं. म्हणतायत, आम्ही चालवतो. मी म्हणतेय, द्यावं. मी ब्लानेसला जाऊन राहीन."

एलिसेंदाचे हात थांबले. "परक्यांना? आपलं घर?"

"चालवायला गं. विकत नाहीये."

"आई, मी मेलेय का? मी असताना तोरेलच्या चुलीवर जिरोनाची माणसं?" मग तिनेच आवाज खाली आणला. "तू दमलीयस, मला कळत नाही का? तू खुशाल जा ब्लानेसला. मी येते इथे."

"आणि बर्गन?"

"नाही म्हणून कळवीन."

"आणि आर्नाऊ?"

"तो नाही यायचा इकडे." तिने आणखी एक गोळा वळायला घेतला. "चालेल. त्याचं काय एवढं."

रेमेईने हातातला गोळा खाली ठेवला. "तुला इथे राहायचंय का, एलिसेंदा?"

"राहायचंय का म्हणजे? कुणीतरी राहायला नको का?"

हे ऐकलं आणि रेमेई गोळे तसेच टाकून कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेली. कोंबड्यांना दाणे मघाशीच घालून झाले होते. मी मागोमाग गेलो.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं. वेडी आहे पोरगी. सरळ सांग, येऊ नकोस म्हणून."

"ऐकेल? मी तरी ऐकलं असतं का? मी गेले की ती येणार. परक्यांना दिलं तर त्यांना हाकलून येणार. मला या घराचा वीट आलाय असं तिला नुसतं वाटलं ना, तरी नोकरी सोडून येणार." ती जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. "मी हलायचं नाही. तेवढाच उपाय आहे."

"मग नको हलूस, पण तिला सांगायचं काय? दमलीयस हे तिला दिसतंय."

"तेच तर. मला हलायचंच नाही, असं तिला वाटलं पाहिजे. आणि राग यायला हवा तिला. माया वाटली तर परत येईल."

मी म्हटलं, "अगं, पण ब्लानेस?"

"ब्लानेस राहू दे," ती म्हणाली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण ती म्हणत होती ते खरं होतं.

दुपारी लांब टेबलावर आम्ही आठदहा जण होतो. तिच्या दोन चुलत बहिणी, त्यांचे नवरे, मी. पलीकडच्या टेबलावर पाहुणे. रश्श्याचं पातेलं आलं, शेंगा आणि भाजलेले सॉसेज आले. एलिसेंदा आईच्या शेजारी बसली होती. तिने सकाळीच दोघी मावश्यांच्या कानावर घातलेलं दिसत होतं, कारण त्या एकदम सुरीकडे बघायला लागल्या. रेमेईने पाव उलटा केला, क्रूस ओढला. एलिसेंदाने सुरी घ्यायला हात पुढे केला. पोरगी हसायचा प्रयत्न करत होती.

"हात मागे घे," रेमेई म्हणाली. "मी अजून जिवंत आहे."

"आई, सकाळी आपण..."

"सकाळी मी तुझी परीक्षा बघत होते. बरं झालं बघितली. मला समुद्रावर धाडायचं आणि आपण इथे मालकीण होऊन बसायचं, हाच बेत ना तुझा?"

"काय बोलतेस तू? तूच म्हणालीस ब्लानेसला..."

"मी काहीही म्हणेन. हे घर माझं आहे. बापाने माझ्या हातात दिलंय, तुझ्या नाही. मी असेतो या टेबलावरचा पाव दुसरं कुणी कापणार नाही. तुला पाहुणी म्हणून यायचं असेल तर ये. खोली रिकामी असली तर देईन."

चुलत बहिणीच्या हातातला चमचा ताटात पडला. पलीकडच्या टेबलावर भाषा न कळणाऱ्या पाहुण्यांनीसुद्धा माना खाली घातल्या. एलिसेंदा लाल झाली, मग पांढरी झाली. रेमेईने पाव कापला आणि पहिला तुकडा माझ्या ताटात टाकला. तो मला गिळवेना, आणि भट्टी तर माझीच होती.

एलिसेंदा उठून वर गेली आणि बॅग घेऊन खाली आली. मी हात धुवायला मोरीत गेलो तर रेमेई तिथे पातेली घासत होती. नळ पूर्ण सोडलेला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये. ती रडत होती, आणि रडता रडता घासतही होती.

"तिला रिपोलच्या स्टेशनवर सोड," ती म्हणाली. "आणि तोंड उघडलंस तर याद राख, बाल्दिरी. उद्यापासून तुझे पाव डुकरांना घालीन."

"डुकरं कधीच विकलीस तू."

"मग नवीन आणीन." तिने नाक पुसलं. "जा. गाडी चुकेल तिची. आणि त्या ब्लानेसच्या बाईला फोन कर. म्हणावं, दुसरं कुणीतरी बघा."

माझ्या गाडीत पिठाचा वास असतो, आणि मागे रिकाम्या टोपल्या खडखडत असतात. अर्धा घाट उतरला आणि एलिसेंदा एकदम सुटली.

"दगड आहे ती, काका. दगडांमध्ये राहून दगड झालीय. माझ्यापेक्षा तिला त्या भिंती प्याऱ्या आहेत. आणि मी मूर्ख. आर्नाऊशी भांडले तिच्यासाठी. म्हटलं, आईचा जन्म गेला तिथे अडकून, आता तरी तिला सोडवावं."

मी गिअर बदलला. वळणं खूप आहेत त्या रस्त्याला, समोर बघावंच लागतं.

"तुम्ही तर रोज जाता तिच्याकडे," ती म्हणाली. "लहानपणापासून ओळखता. खरं सांगा. तिला कधी एकदा तरी वाटलं असेल का, की हे घर सोडून कुठेतरी जावं?"

मला ते चिंचोळं स्वयंपाकघर दिसत होतं, आणि त्यात हसणारी रेमेई. सगळं सांगून टाकावं, गाडी वळवावी आणि दोघींना समोरासमोर बसवावं, असं इतकं वाटलं की मी वेग कमी केला. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी नुसतं हो म्हटलं असतं, तरी ती परत यायला तयार होती. अगदी तिथूनच.

"कधीच नाही," मी म्हटलं. "तसला विचार तिच्या मनाला कधी शिवलासुद्धा नाही."

"वाटलंच होतं," ती म्हणाली. तिने सीटला डोकं टेकलं, मोठा श्वास सोडला, आणि जरा वेळाने फोन काढून आर्नाऊला सांगितलं, की मी येतेय.