कापसाच्या खोलीतलं धुराडं

दवाखान्यातून आल्या आल्या ह्यांनी सासूबाईंची चूल फोडली. डॉक्टरांनी दम्याचं औषध दिलं होतं आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. धूर नको म्हणाले, चूल नको असं कुठे म्हणाले, हा माझा मुद्दा. पण आपल्या आईच्या बाबतीत हे कुणाचं ऐकतात?

त्या दिवसापासून सासूबाईंचं माझ्यावर खेकसणंही बंद झालं. मला तेच सोसेना. उलट्या खापरावर पुरणाचे मांडे करावेत ते त्यांनीच. मोताळ्यापर्यंतच्या लग्नांतून त्यांना बोलावणं यायचं. मी एकदा गॅसवर कढई पालथी घालून प्रयत्न केला. दुधाची तहान ताकावर. त्यांनी तो मांडा मुकाट्याने खाल्ला आणि मला रडू आलं.

मग मी हट्टाला पेटले. चूल पुन्हा घालायची आणि तिला पक्कं धुराडं करायचं. देऊळघाटचे मिस्त्री आले. वळणं असली की धूर अडतो, म्हणून पाइप स्वयंपाकघरातून माडीवरच्या खोलीतून थेट गच्चीबाहेर काढायचा ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, सासूबाईंनीही. स्लॅबला भोक पडलं.

त्यानंतर शेतात सीतादही झाली. पहिल्या वेचणीआधी कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून घरी आलो, तर हे म्हणाले, "वरची खोली झाडून ठेव. उद्यापासून कापूस येऊन राह्यला."

भाव चढेपर्यंत दरवर्षी आमचा कापूस त्याच खोलीत, पार छतापर्यंत. आणि तापणारा पाइप आम्ही शहाण्यांनी नेमका तिथूनच न्यायचा ठरवला होता.

"जाऊ दे आता ते धुराडं," हे म्हणाले.

"मले नाई पायजे चूल," सासूबाई म्हणाल्या. बोलताना नजर मात्र त्या भोकाकडे.

"तुमाले नसन पायजे, आत्याबाई. मले पायजे!" माझा आवाज शेजारीही गेला असेल.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन पोटभर हसले, स्वतःलाही. मग आम्ही घराभोवती फिरलो. मागची पडवी रिकामीच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चूल तिथे घातली. पाइप भिंतीतून बाहेर काढला, तिथे विटांचं कोंदण केलं आणि तो भिंतीपासून सुटा ठेवून गच्चीच्या कठड्यावर चांगला उंच नेला. वर पावसासाठी टोपी, खाली काजळी काढायला झाकण. गच्चीवर पऱ्हाटीच्या मोळ्या रचणार नाही, हे मी ह्यांच्याकडून वदवून घेतलं. कपाशीच्या त्या वाळलेल्या काड्यांना एक ठिणगी पुरते. स्लॅबचं भोक बुजलं आणि वर कापूस भरला.

चुलीची माती वाळली. सासूबाई बसल्या, जाळ केला. धूर क्षणभर घुटमळला आणि पाइपात गेला. हे दारात उभे, हातात आईचा श्वासाचा पंप. मी शेजारी. दोघांचंही लक्ष खोकल्याकडे. सासूबाईंनी पुरणाचा उंडा हातांवर फिरवत फिरवत मोठा केला आणि खापरावर टाकला. खोकला आला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"अवं, मायाकडं काऊन पाहून राह्यली?" त्या खेकसल्या. "खापराकडं पाह्य. मांडा जळून राह्यला!"

कित्येक महिन्यांनी त्या माझ्यावर ओरडल्या होत्या. तो जळका मांडा मी एकटीने खाल्ला, कुणाला दिला नाही.