याडीची कांचळी

द्वारकाबाईच्या घरात आरसा नव्हता. भांग ती बोटानं चाचपून पाडायची. सून निलम लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेराहून आणलेला हातभर आरसा सासूनं पहिल्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकला. "तोंड कसं दिसतंय ते मी सांगते की!" म्हणाली. त्यानंतर ती पोरगी बादलीतल्या पाण्यात बघून कुंकू लावायची. आता बोला!

वारंगा फाट्याहून आत गेलं की त्यांचा तांडा. तिथं द्वारकाबाईच्या वाटेला कोणी जायचं नाही. ती हापशावर आली की बायका आपापल्या घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. भांडायला तिला कारण लागत नसे आणि एकदा धरलेला राग ती हळदीच्या बेण्यासारखा जपून ठेवायची, पुढच्या साली पुन्हा लावायला.

अशा बाईच्या दिराला, किसनसिंगला, दोन हजार चार साली म्युझियमचं खूळ लागलं. हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता बिचारा. रिटायर होऊन तांड्यात परत आला आणि बघतो तर काय, एक बाई जुन्या पेहरावात नाही. सगळ्या साडीत. फेटिया, म्हणजे तो घेरदार घागरा, कुणी गोधडीत शिवून टाकलेला. कांचळी, म्हणजे उघड्या पाठीची, आरशांनी मढवलेली चोळी, कुणी बैलाच्या शिंगांना गुंडाळलेली. किसनसिंगचा जीव कळवळला. त्यानं बंद पडलेल्या बालवाडीची खोली मागून घेतली, भिंतींना चुना मारला आणि बायको मिराबाईला घेऊन घरोघर जुने कपडे मागत फिरायला लागला. गावचे पाच-सात जण मदतीला आले. सगळं हौसेचं काम.

सगळ्यांत आधी तो आला वहिनीकडं. तिच्या ट्रंकेत तिच्या आईची कांचळी आहे, हे त्याला ठाऊक होतं.

"वहिनी, तुमच्या याडीची कांचळी द्या. भिंतीवर मानानं लावतो."

"माझं कातडं सोलून लावा भिंतीवर, भाऊजी. कांचळी भेटायची न्हाई."

"अवो, पण काहून?"

"काहून म्हनता? ज्या कपड्यापायी भर बाजारात आमाला चोर म्हनले, तेच कपडे आता लोकायला दाखवून राहिले व्हय? काडी लावा त्या खोलीला!"

किसनसिंग खाली मान घालून उठला. त्याला सगळं माहीत होतं. द्वारका लहान असताना आईबापाबरोबर बाजाराला गेली होती. एका दुकानातून कापडाचा गठ्ठा गेला आणि गर्दीत सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरली ती आईची चमचमणारी कांचळी. तांड्याची बाई, म्हणजे हिनंच घेतला असणार! लोकांनी तिचा दंड धरला. बाप, वसराम, मधे पडला. त्याला मारलं, असं मारलं की घरी आणल्यावर तो पुन्हा उठला नाही. गठ्ठा त्याच दुकानाच्या माळ्यावर निघाला. मोठी झाल्यावर द्वारकानं तांड्यात सगळ्यांच्या आधी साडी नेसली. चमकणारी वस्तू तिला डोळ्यांसमोर नको झाली ती कायमची.

पण नुसतं नाही म्हणून गप्प बसेल तर ती द्वारकाबाई कसली! किसनसिंग एका घरातून बाहेर पडला की ही मागून आत शिरायची. "मेलेल्या बायायचे कपडे टांगाल तर त्या मागायला येतील बरं," असं सांगून भेदरवून सोडायची. निम्म्या बायांनी दिलेले कपडे परत नेले. मिराबाईनं तिला हापशावर गाठलं.

"बाई, तुमी देऊ नका, पर दुसऱ्यायला तरी देऊ द्या."

"तुला काय ठावं गं?" द्वारकाबाई सगळ्यांसमोर कडाडली. "तुझा बाप खाटंवर मेला, अंगावर पांघरून घेऊन!"

मिराबाईचा बाप जाऊन महिना झाला नव्हता. ती भरली घागर तिथंच टाकून घरी गेली. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं तुटलं, आणि मिराबाईच्या बाजूनं तांड्यातल्या बाकीच्या बायकांनीही अबोला धरला. द्वारकाबाई म्हणाली, बरं झालं, कटकट गेली.

इकडं निलम मनातून चुलत सासऱ्याच्या बाजूची. हळद शिजवायचे दिवस आले, सासू दिवसभर शेतावर कढईपाशी असायची. निलमनं ट्रंक उघडली. कांचळी बघून तिला वाईटच वाटलं. रंग शाबूत, टाके शाबूत, पण आरसा एक नाही. जिथं तिथं नुसती तुटक्या दोऱ्यांची रिकामी घरं. जुनी वस्तू, पडले असतील, असं समजून तिनं हिंगोलीहून आरसे आणवले आणि एकेक घर भरत गेली. कोणाला दाखवलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी एकदम लावू, सासूचा राग निवळेल, अशी भाबडी आशा. नव्या पोरींना जुन्या पेहरावाची रीत सांगणार तरी कोण? पेहरावच उरला नव्हता.

उद्घाटनाच्या सकाळी द्वारकाबाई खोलीवर गेली ती शिव्या घालायलाच. पाहुणे यायचे होते, बायका आत गोळा झाल्या होत्या. ती दारात आली आणि समोरच्या भिंतीवर कांचळी. तिच्या याडीची. लखलखत होती. त्या सगळ्या आरशांतून द्वारकाबाईचं सुरकुतलेलं तोंड तुकड्यातुकड्यांनी तिच्याकडंच बघत होतं.

"हे कोनी केलं?"

निलम पुढं झाली. "मी, मामी. आरसे पडले व्हते, म्हनून…"

"पडले?" द्वारकाबाईचा आवाज चिरकला. "अगं, नवरा मेला की बाईचे आरसे काढतेत! माझ्या बापाचं मढं दारात असताना तांड्यातल्या बायायनं उपटले ते, माझ्यासमोर. मरेस्तोवर तशीच बोडकी कांचळी घातली माझ्या याडीनं. बापाला मारलं त्याची एवढीच एक खूण व्हती, तीबी तू बुजवली! सवाशीण करून टांगली व्हय तिला?"

किसनसिंगनं घाईघाईनं कांचळी उतरवून वहिनीच्या हातात दिली. "तुमीच काढा आरसे, वहिनी."

द्वारकाबाईनं आरशाला नख लावलं आणि तिचा हात थांबला. लेकीनं आईचे आरसे काढायचे नसतात. रक्ताच्या माणसाला तो हक्कच नाही. नवरा जिवंत असलेली, परक्या रक्ताची बाईच लागते, आणि ज्या हातानं आरसे लावले त्या हातानं ते काढत नाहीत, म्हणजे निलमही चालायची नाही. तिनं मान वर करून बघितलं. खोलीभर बायका, आणि एकीला तिनं बोलायचं बाकी ठेवलं नव्हतं. एकही जागची हलली नाही. एक तर गालात हसत होती.

"मिरा," द्वारकाबाई म्हणाली.

मिराबाई भिंतीला टेकून उभी होती. "माझा बाप खाटंवर मेला, बाई. मला काय ठावं?"

द्वारकाबाईचं तोंड लाल झालं. आता ही फाडून खाते, असं सगळ्यांना वाटलं. मनात तेच होतं तिच्या. पण हातात कांचळी होती आणि ती तशीच चमकत राहिली असती.

"वंगाळ बोलले मी," ती थुंकल्यासारखं म्हणाली. "तुझ्या बापाला बोलायला नको व्हतं. आता काढतीस का?"

मिराबाई खाली बसली. कांचळी मांडीवर घेतली आणि दातानं पहिला दोरा तोडला.

"हळू. कापड जुनं हाय."

"दिसतंय मला."

आरसे एकेक करून निलमच्या पदरात पडत होते आणि निलम हुंदके देत होती.

"रडू नको," सासू खेकसली. "टाका पक्का हाय तुझा. निघता निघून नाही राहिला."

बाहेर पाहुण्यांची जीप येऊन थांबली. किसनसिंग हार घेऊन दारातच उभा राहिला आणि शेवटचा आरसा निघेपर्यंत त्यानं कोणाला आत येऊ दिलं नाही.

बोडकी कांचळी द्वारकाबाईनं पुन्हा भिंतीवर लावू दिली, पण तिचा स्वभाव काही बदलला नाही. आजही ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असते, चप्पल घालून आत जाणाऱ्याचा उद्धार करते, मिराबाईशी झाडण्यावरून भांडते. फेटिये, डोक्यावरून घ्यायच्या टुकऱ्या बघत बघत कोणी समोरच्या भिंतीपाशी येतं आणि म्हणतं, "अरेरे, हिचे आरसे पडले वाटतं."

"पडले न्हाईत, काढलेत," उंबऱ्यावरून आवाज येतो. "बसा खाली. वसराम माझा बाप व्हता."