अर्ध्या तासाची सूट

हर्सूलचे कडुबा साळवे एकतीस वर्षं वेरूळच्या लेण्यांवर राखणीला होते. संध्याकाळी एकूण एक माणूस बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. कुणी अंधारात आत राहून गेलं तर, या धास्तीपायी त्यांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. सहाला बंद व्हायचं असलं की ते सगळ्यांना साडेपाच सांगत. लोक अर्धा तास रेंगाळत आणि बरोबर सहाला बाहेर येत.

निवृत्त झाल्यावर लेकीनं, दीपमालानं, आईबापाला अंदमानला धाडलं. तिसऱ्या दिवशी नील बेटावर ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत साचलेली पाण्याची कुंडं बघायची होती. तिथल्या वाटाड्यानं बजावून सांगितलं, साडेअकराला सगळे किनाऱ्यावर पाहिजेत. कडुबा गालात हसले. हा आपल्याच जातकुळीतला दिसतोय, म्हणजे खरे बारा.

रबरी बूट चावत होते, म्हणून ते सगळ्यांच्या चपला राखत वाळूतच बसले. त्यांची बायको, लीलाबाई, मात्र लुगडं खोचून गेल्या. शिजत्या डाळीत डोकवावं तशा प्रत्येक कुंडात वाकून बघत होत्या. सव्वाअकराला त्या अर्ध्या वाटेपर्यंत परत आल्या आणि तिथूनच ओरडून सांगू लागल्या. पार टोकाच्या कुंडात निळी चांदणी आहे म्हणे, तारामासा, हाताच्या पंजासारखी पाच बोटांची, जिवंत.

"अहो, टायम हाय का तेवढा?"

"लई हाय. अर्धा तास धरूनच सांगतेत. आमी नाय का सांगत व्हतो? जा तू."

त्या गेल्या.

साडेअकराला वाटाड्यानं माणसं मोजली. एक कमी. तेवढ्यात कडुबांना पायाशी काहीतरी गार लागलं. मघाशी जिथून बायको कोरड्या पायानं गेली, त्या सखल पट्टीत पाण्याची रेघ शिरली होती. बघता बघता तिचा ओहोळ झाला. हर्सूलचा तलाव भरताना त्यांनी जन्मभर पाहिला होता. महिनाभरात एकेक पायरी बुडायची. हे पाणी तर समोरून नाही, लीलाबाईंच्या मागून येत होतं, परतीची वाट अडवायला.

दूर निळ्या लुगड्याचा ठिपका पाण्यावर वाकलेला होता. त्यांनी हाक मारली, ती वाऱ्यानं नेली. हात गळ्याशी गेला. शिट्टी तर नोकरीबरोबरच जमा केली होती. दोन बोटं तोंडात घातली. तोंड कोरडं पडलेलं, नुसती हवा निघाली.

वाटाड्या धावलाच होता. मागून कडुबाही पायातल्या चपलांसकट पाण्यात शिरले. गुडघे बुडाले, मग मांड्या. पायाखाली दगड होता की खड्डा, कळत नव्हतं. एकतीस वर्षांत एकही माणूस आत राहिला नाही, आणि आज राहिलं ते आपलंच, आपल्याच शब्दावर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

वाटाड्यानं त्यांना हातवारे करून जागीच थांबवलं आणि लीलाबाईंना दंडाला धरून आणलं. पाणी लीलाबाईंच्या कमरेला लागलं होतं. किनाऱ्यावर पोचताच तो त्यांच्यावरच उखडला, अम्मा, वेळ सांगितली होती ना, जीव द्यायचा होता का. लीलाबाई खाली बघत लुगडं पिळत राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. सगळा घोळका बघत होता.

"उनकी गलती नै, भाई," कडुबा म्हणाले. "टाइम है करके मैंच बोला."

वाटाड्या बाकीच्यांना घेऊन पुढं गेला. दोघं वाळूत बसून राहिले. पायाची वाळू झटकत लीलाबाई बोलल्या.

"परक्यांना तुमी अर्धा तास कमी सांगत व्हते. आन् घरच्या माणसाला अर्धा तास जास्त."

चांदणी दिसली का, कडुबांनी विचारलं.

"दिसली. तिला बघता बघताच तर पाणी आलं."

बारा वाजले. लीलाबाई उभ्या होत्या तो खडक कडुबा नजरेनं शोधत होते. त्या जागेवरून एक होडी आरामात चालली होती.