निळ्या ड्रमावरची तुरटी

लातुरात घरात समुद्र पाळणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर माजलेला. मी दोन्ही होतो. आमच्या भागात नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला नसतो; लोक पाहुण्यांना ‘पाणी आलं की या’ असं सांगतात आणि त्यात कुणाला चेष्टा वाटत नाही. अशा गावात माझ्या हॉलमध्ये चारशे लिटर खारं पाणी काचेत उभं होतं. त्यात दोन नारंगी मासे, एक निळा मासा आणि दगडांवर वाढणारे जिवंत प्रवाळ. प्रवाळाचे तुकडे हैदराबादहून थर्माकोलच्या डब्यात, बसने यायचे. त्यांना आणायला मी स्टँडवर जसा धावत जायचो तसा तिला आणायला कधी गेलो नाही, असं बायको म्हणते. खरंच आहे ते.

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे हा नाद माझ्यासाठीच बनला आहे असं मला वाटायचं. प्रवाळ पाण्यातला चुना ओढून घेतो आणि आपलं हाड वाढवतो. रोज जेवढं तो ओढतो तेवढं रोज परत घालावं लागतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि पाण्याची क्षारता टिकवायला सोडा. क्षारता मोजायला एक छोटी बाटली असते. नळीत पाणी घेऊन थेंब मोजत टाकायचे, निळा रंग पिवळा झाला की जितके थेंब तेवढी क्षारता. माझ्याकडे आठ थेंब लागायचे. साडेसात चालतात, नऊ चालतात. महिनाभरात आठावरून तेरावर गेलेलं मात्र प्रवाळाला सोसत नाही. मी आलेल्या-गेलेल्याला हे सगळं समजावून सांगायचो. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, मासे खाता येतात का.

ज्या माणसाला हे खरोखर कळलं ती माझी अक्का, माझी थोरली बहीण. शाळेत चौथीपर्यंत गेलेली. आई लवकर गेली तेव्हा मला तिनेच वाढवलं, तेव्हा ती स्वतः परकर-पोलक्यात होती. लग्न होऊन हिमायतनगरला गेली, मूलबाळ झालं नाही, नवरा गेला. मग सासरच्या घरात दिराच्या मर्जीने राहायची वेळ आली. दीर उठता-बसता तोंड सोडायचा. मी एकदा गेलो, तिची ट्रंक उचलली आणि म्हणालो, ‘चल, तुझं घर तिकडं आहे.’ हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात, त्या दिराच्या तोंडावर म्हटलं होतं.

दोन वर्षं ती आमच्याकडे होती. बायकोचं आणि तिचं पहिले काही महिने जेमतेम, मग बरं जमलं. मी कॉलेजात गेलो की माशांच्या टाकीतलं उडून गेलेलं पाणी भरून काढायचं काम तिचं. काचेवर मी खूण करून दिली होती. ती बरोब्बर त्या खुणेपर्यंत, लोट्याने, सावकाश, माशांशी बोलत पाणी घालायची. पाणी निळ्या ड्रममधलं. गच्चीच्या जिन्याखाली आमचे दोन ड्रम असायचे. निळ्यात फिल्टरमधून गाळून घेतलेलं, क्षार शून्य असलेलं, माशांच्या टाकीसाठीचं पाणी. काळ्यात टँकरचं, घरातल्या वापराचं. टँकरचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडाला चहासारखं येतं. अक्का त्यात तुरटीचा खडा फिरवायची. पाच-सात वेळा गोल फिरवायचा, काढून घ्यायचा, वाळत ठेवायचा, तासाभराने गाळ खाली आणि वर स्वच्छ पाणी. आमच्याकडे हे प्रत्येक घरात करतात.

फेब्रुवारीत बोर्डाच्या प्रॅक्टिकल्स होत्या. तीन आठवडे मी क्षारता मोजलीच नाही. सकाळी उठून मापाने सोड्याचं पाणी घालायचो आणि पळायचो. एका रविवारी निवांत टाकीसमोर बसलो तेव्हा दिसलं. फांद्यांची टोकं पांढरीफटक पडली होती. जो सगळ्यात जुना प्रवाळ, चार वर्षं वाढवलेला, त्याची कातडी बुडापासून सुटून पाण्यात तरंगत होती. आत नुसतं हाड.

मी जिन्याखाली धावलो. निळ्या ड्रमच्या झाकणावर तुरटीचा खडा होता. ओला.

तुरटी पाण्यात गेली तर प्रवाळाला विष. हे मला ठाऊक होतं, आणि तेवढंच ठाऊक असल्यासारखं माझं डोकं फिरलं. अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. बायको समोर होती, आणि नेमकी खालच्या मजल्यावरची शेजारीण विरजण मागायला आली होती. मी खडा अक्कापुढे आपटला.

‘तुरटी टाकलीस तू पाण्यात?’

अक्काने हात पिठातच ठेवून वर पाहिलं. ‘हाव, टाकली की. लई गढूळ आलंय.’

मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. अडाणी म्हणालो. चार वर्षांची मेहनत मातीत घातलीस म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, ‘दुसऱ्याच्या घरात राहायचं तर माणसानं हात आवरून राहावं.’ शेजारीण विरजण न घेताच निघून गेली. बायको म्हणाली, ‘अहो, काय बोलताय?’ अक्काने तव्यावरची भाकरी उलटली, ती जळली नव्हती.

दुपारी चारच्या सुमाराला मी शांत झालो आणि मास्तरासारखा कामाला लागलो. कुठल्या ड्रममध्ये किती तुरटी गेली ते काढू म्हटलं. निळ्या ड्रममध्ये क्षार मोजायचा मीटर बुडवला. शून्य. तळापर्यंत नेला. शून्य. तुरटीचा कण जरी त्यात गेला असता तरी आकडा हलला असता. मग टाकीचं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकू लागलो. आठव्या थेंबाला पाणी निळंच. दहाव्याला निळंच. तेराव्याला पिवळं झालं. तुरटीने क्षारता खाली जाते, हे मी दर वर्षी अकरावीला फळ्यावर लिहितो. माझ्या टाकीतली वर गेली होती.

सोडा. तीन आठवड्यांपूर्वी मी खाण्याचा सोडा सोडून भाजलेला सोडा वापरायला लागलो होतो. भाजला की त्यातला वायू आणि पाणी उडून जातं, वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतं, आणि उरतो तो वजनाला तेवढाच जास्त तेज. ती पूड अक्कानेच कढईत, शेंगदाणे भाजावेत तशी, हलवून हलवून भाजली होती. कढई उतरवताना ती म्हणाली होती, ‘लई कमी झालं की रे हे.’ आणि मी, रसायनशास्त्राचा एम.एस्सी., आणखी भाजलेला सोडा घालून जुनं वजन पूर्ण केलं होतं. तीन आठवडे मी स्वतःच्या हाताने, मापाने, न चुकता, टाकीला जास्तीचा सोडा पाजत होतो.

मी मीटर पुसला आणि डबीत ठेवला.

सांगायला हवं होतं. स्वयंपाकघर पंधरा पावलांवर होतं. तिथे जाऊन ‘अक्का, माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते माझ्या जिवावर आलं. बायकोसमोर, शेजारणीसमोर एवढा तमाशा केल्यावर आता सोड्याचं वजन चुकलं म्हणून कसं सांगायचं? सकाळी सांगू म्हटलं. सकाळी अक्काने ट्रंक दारात आणून ठेवली होती. हिमायतनगरला पुतण्याच्या लेकराचं जावळ आहे, जाऊन येते म्हणाली. मी तिला स्टँडवर सोडलं, नांदेडच्या गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. तिथेही बोललो नाही.

उलट, मी ती गोष्ट विकली. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी अक्काची तुरटी रंगवून सांगितली. सगळे खो-खो हसले. एक जण म्हणाला, बरं झालं मासे वाचले, नाही तर त्यांनाही फोडणी दिली असती. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

टाकी मात्र सुधारली. मी सोडा बंद केला, थोडं थोडं पाणी बदललं, पंधरा-वीस दिवसांत थेंब पुन्हा आठावर आणले. निम्मे प्रवाळ वाचले, त्यांना नवी टोकं फुटली. मरतंय ते कसं वाचवायचं याची माझ्याकडे वहीभर टिपणं होती. अक्का मात्र जावळाहून परत आली नाही. फोन केला की ‘येते की’ म्हणायची आणि दुसरंच काही विचारायची. बायको महिनाभर थांबली, मग रोज एकच धोशा लावला, त्यांना घेऊन या. मी परीक्षेचं कारण सांगायचो, मग पेपर तपासणीचं. शेवटी कारणं संपली तेव्हा जूनमध्ये निघालो. भोकरपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो. भोकरच्या पुढे एकही आठवेना.

दिराच्या घराच्या मागे पत्र्याची खोली होती, गुरांचा चारा ठेवायची. अर्ध्यात अजून कडबा होता. अर्ध्यात अक्का. मला बघून ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘बस. च्या ठेवते.’ पाहुण्याला म्हणतात तसं. पुढच्या घरातून दिराचा आवाज आला, ‘साखर जपून!’ अक्काने ऐकलं-न ऐकलं केलं.

मी चहा येण्याआधीच बोलून टाकलं. तुरटी नव्हती, अक्का. निळ्या ड्रमात काहीच नव्हतं. मीच सोडा जास्त घातला. वजनात मीच चुकलो. तुझी काही चूक नव्हती.

ती चुलीत काटक्या सारत होती. ‘ठाऊक हाय मला,’ ती म्हणाली.

‘काय ठाऊक आहे?’

‘माशाच्या ड्रमात मी तुरटी टाकीन व्हय रे? दोन वरसं मीच पाणी घालून राहिले होते. खडा काळ्यात फिरवला अन् वाळायला निळ्याच्या झाकणावर ठिवला. तू इचारलं टाकली का, म्या हाव म्हणले. कशात टाकली ते तू इचारलंच न्हाई.’

मी म्हणालो, ‘मग तेव्हाच का नाही बोललीस? उगाच आळ घेऊन का आलीस?’

‘आळ घेऊन न्हाई आले.’ तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. ‘माशाचं राहू दे. तू जे म्हणलास ते म्हणलास.’

मी तिचे पाय धरले. खरंच धरले, कडब्याच्या भुशात गुडघे टेकून. चल म्हणालो, तुझ्या भावजयीने पाठवलंय, आत्ताच्या गाडीने चल. या खोलीत कशी राहतेस? हा माणूस साखरेवरून बोलतो तुला.

अक्काने पाय मागे घेतले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायची तसा.

‘रोज बोलतो,’ ती म्हणाली. ‘पण तो परका हाय. त्याचं मला लागत न्हाई.’