दानम्माक्कांचं विलायती कमळ

दानम्माक्कांच्या घरून रिकामं भांडं परत गेल्याचं गल्लीत कुणालाही आठवत नाही. भांडं रिकामं परत करू नये ही रीत सगळीकडेच आहे. पण बाकीच्या बायका चिमूटभर साखर घालून मोकळ्या होतात. अक्का झाड घालत. आमटीची वाटी ओव्याचं रोप घेऊन यायची, चटणीची बरणी सदाफुली घेऊन. शेजारच्या सुगराभाभींनी एकदा ईदचा शीरखुर्मा डब्यातून दिला. आठवड्याभरात तो डबा मातीनं भरून, वर मोगऱ्याची फांदी खोचून परत आला.

"अक्का, आता ह्यात मी शीरखुर्मा कसा देऊ?"

"देऊ नगा की. मोगरा द्या."

दुसरी गोष्ट म्हणजे, जीव असलेलं काही अक्कांच्यानं टाकवत नसे. छाटलेली फांदी, निवडलेल्या भाजीचं मूळ, बाजारातून आलेल्या आल्याचा कोंब, सगळ्याला डालड्याच्या डब्यात जागा होती. त्यांचे यजमान रुद्रय्यास्वामी गुळाच्या अडतीतून कारकुनी करून निवृत्त झालेले. ते आल्यागेल्याला सांगत, "आमच्यात काठी टेकवून ठेवू नगा. सकाळी पालवी फुटलेली असती."

तर दोन हजार सालच्या थंडीत हे दोघं एका लग्नाहून परतत होते. गगनबावड्याच्या रस्त्याला नवीनच एक नर्सरी निघाली होती. अक्कांनी रिक्षा थांबवायला लावली. रंगीत चष्मा लावलेल्या मालकानं त्यांना टबातलं एक तरंगणारं झाड दाखवलं. फुगीर देठ, तुकतुकीत पानं आणि मधोमध जांभळा तुरा. त्याच्या वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा.

"विलायती कमळ हाय अक्का. माती नको, खत नको. पाण्यात सोडायचं आन् बघत बसायचं."

"जगंल न्हवं?"

"कशानं मरत न्हाई हे!"

रुद्रय्यास्वामी रिक्षातूनच म्हणाले, "कशानं न मरणारा एकच. त्यो कैलासात बसलाय. दुसरा कुणी तसं म्हणाला तर जरा इचार करावा."

पण अक्कांनी विचार केला नाही. झाडाला मरण नाही, याहून मोठा गुण त्यांच्या लेखी नव्हता.

न्हाणीघरातल्या जुन्या घंगाळात कमळाची स्थापना झाली. महिन्याभरात एकाची आठ झाली. शिवरात्रीपर्यंत घंगाळातलं पाणी दिसेनासं झालं. रुद्रय्यास्वामींना महादेवाच्या पूजेला रोज ताजी जांभळी फुलं मिळू लागली आणि गल्लीतल्या प्रत्येक वाटीतून, डब्यातून, तांब्यातून विलायती कमळ घरोघरी गेलं. हंबीररावाच्या दुधाच्या चरवीतूनसुद्धा गेलं.

हंबीरराव म्हणजे गल्लीच्या मागं राहणारा सात म्हशींचा धनी. रोज संध्याकाळी अक्कांच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचा आणि म्हशींच्या तक्रारी सांगायचा. त्याच्या गोठ्याला लागून एक खण होती. कधीकाळी तिथून दगड काढले, उरलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, झऱ्यांनी ते टिकलं. त्या खणीत त्याच्या म्हशी दिवसातून दोनदा डुंबत. हंबीररावाचं म्हणणं असं, की म्हैस आधी पाण्यात बसती आन् मग दूध देती. पाण्यात न्हाई बसली तर नुस्ती उभी राहून आपल्याकडं बघती.

घंगाळातली झाडं उतू जायला लागली. गल्लीतही कुणी घेईना. ज्यांच्याकडे होती तेच आता तोंड चुकवू लागले. टाकायची तर जीव आहे. शिवाय नुसता जीव नाही, महादेवाला वाहिलेल्या फुलांचं झाड! पूजेचं निर्माल्य काय कोणी उकिरड्यावर टाकतं? ते पाण्यात सोडायचं असतं. अक्कांनी पाटी भरली, हळदकुंकू वाहिलं, आणि खणीत कमळ सोडलं. दर सोमवारी सोडत राहिल्या. मनात समाधान, की झाडालाही मोठं घर मिळालं.

दोन पावसाळे गेले. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर खणीत पाणी कुठं आहे ते दाखवायला माणूस लागे. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार मैदान, वर जांभळी फुलं. लोक फोटो काढायला आले. मग डास आले, मग वास आला, आणि लोक यायचे थांबले.

"कमळ कसलं, केंदाळ हाय हे," हंबीरराव म्हणाला. "नदीत वाहून येतंय, पेपरात जलपर्णी म्हणत्यात, तेच. हितं कुठनं आलं कुणास ठावं." म्हशींनी तोंड लावून पाहिलं आणि मान फिरवली.

एके सकाळी हंबीररावाची लाडकी वगार, अजून न व्यालेली चंद्री, त्या हिरवळीवर चरायला म्हणून चालत गेली. दोन पावलं हिरवळ होती, तिसऱ्याला खण होती. हंबीररावानं धोतरासकट उडी मारली. मुळ्यांचं जाळं त्याच्याही पायात अडकलं. गल्लीनं कासरा टाकून दोघांना ओढून काढलं, तेव्हा चंद्रीच्या शिंगाला जांभळा तुरा लटकत होता.

त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर आला, पण चहाला हात लावला नाही.

"म्हशी इकतो अक्का. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक येतंय. मेव्हणा कागलच्या एमआयडीसीत वॉचमनला लावतो म्हणतोय."

"तू? वॉचमन?"

"व्हय. बंद फाटकाकडं बघत बसायचं. म्हशीबिगर दुसरं काय बघाय येतंय मला?"

अक्का आत गेल्या. घंगाळातल्या झाडानं तेवढ्यात आणखी एक तुरा काढला होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. स्वामींनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातनं लागलेलं आजवर कुणाच्या वाईटावर आलं न्हवतं."

रविवारी खणीच्या काठावर गल्ली जमली. कोण म्हणे नगरपालिकेचा दोष, कोण म्हणे पलीकडच्या पेठेनं मुद्दाम टाकलं. पलीकडच्या पेठेला कुस्तीत हरवल्यापासून सगळं तिनंच केलेलं असे. अक्का पदर खोचून पुढं आल्या.

"पेठेला नावं ठिवू नगा. मी टाकलंय. दर सोमवारी, पाटी भरून, हळदकुंकू लावून."

हंबीररावानं टोपी काढली, पुन्हा घातली.

मग सुगराभाभी हळूच म्हणाल्या, "डब्यातलं लई झालं तवा... आमच्या ह्यांनीबी दोन बादल्या हितंच वतल्या. अक्कांनी दिलेलं, कचऱ्यात कसं टाकणार?"

"आम्ही बी," धोंडुबाई पुटपुटल्या.

"आम्ही एकदाच, पण पोतं व्हतं," गणपतराव म्हणाले.

एकेकाचा कबुलीजबाब होत होत पाळी हंबीररावापर्यंत आली. तो जमिनीकडं बघत होता.

"चरवीतलं आलेलं," तो म्हणाला, "म्या पयल्याच दिवशी खणीत सोडलं. म्हटलं, म्हशी बघतील, जरा करमंल त्यास्नी."

आधी स्वामी हसले. मग कुणालाच आवरेना. हसता हसता अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं नव्हतं, हे फक्त हंबीररावाला कळलं.

"अक्का, रडू नगा. कासरं हायत माझ्याकडं."

अकरा दिवस गल्ली खणीत होती. कासरे, दाताळी, बांबू, तालमीतले पैलवान. ओढून काढलेले ढीग पाण्यापासून लांब, उघड्या माळावर पसरले. पहिल्या दिवशी अक्का त्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. मुळं उन्हात काळी पडत होती. जन्मात पहिल्यांदाच त्या झाड मरताना बघत होत्या आणि पाणी घालत नव्हत्या. मग घरी गेल्या, घंगाळ उचलून आणलं, आणि स्वतःच्या हातानं ते माळावर पालथं केलं.

बाराव्या दिवशी खणीत आभाळ दिसलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा सातही म्हशी नाकापर्यंत पाण्यात होत्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या. हंबीरराव त्याला म्हणाला, "पावणं, त्याच न्हाई म्हणाल्या. मी काय करू?"

केंदाळ मात्र एकदा काढून संपत नाही. त्याचं बी गाळात वर्षानुवर्षं दडून बसतं. म्हणून दर सोमवारी अक्का पाटी घेऊन खणीवर जात राहिल्या. पूर्वी भरलेली नेत, आता भरून आणत. भांडी अजूनही रिकामी जात नव्हती, पण आता त्यांतून कढीपत्ता, गवती चहा असली ओळखीची माणसं जायची.

दोन हजार सहा साली त्याच नर्सरीपुढं त्यांनी पुन्हा रिक्षा थांबवली. चष्मेवाल्यानं लाल फुलांची एक वेल पुढं केली.

"न्या अक्का. कशानं मरत न्हाई."

अक्कांनी हात मागं घेतला आणि कोपऱ्यातल्या, मान टाकलेल्या एका रोपट्याकडं बोट केलं.

"ते?"

"ते नगा नेऊ. लई नाजूक. दोन दिस लक्ष न्हाई दिलं की गेलंच."

"ते द्या," अक्का म्हणाल्या.