डझनवाले काका

माझ्या मावशीच्या यजमानांना सगळा बाजार ‘डझनवाले’ म्हणायचा. ज्या डुकरिणीने एका वेताला बारा पिल्लं दिली नाहीत, तिला ते ठेवत नसत. दोन वेतं वाट बघायची, मग खाटकाची गाडी. त्यांच्याकडच्या पिल्लांना लांबलांबून मागणी असे, त्यामुळे काकांचे पाय जमिनीला लागत नसत. पिल्लांचा आकडा आईच्याच अंगात असतो, हे ते जेवतानासुद्धा ऐकवत आणि मावशी मुकाट्याने वाढत राही.

सूनही त्यांनी तशीच निवडली. तिच्या आईला सात मुलं, एवढं कळल्यावर बाकी चौकशी केलीच नाही. वहिनी हसरी होती, शेड धुतानाही गुणगुणायची. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा दोन-अडीच महिन्यांतच सगळं संपलं. मग काकांनी तिला कायमची माहेरी धाडली. माझा मावसभाऊ, आमचा दादा, मान खाली घालून उभा होता. मला त्याचा तेव्हाही राग आला, आजही येतो. वर्षाच्या आत घरात दुसरी वहिनी आली.

त्याच सुमारास काकांनी नवा नर आणला. दिसायला देखणा, अंगाने भरलेला. आणि दर वेताची पिल्लं निम्म्यावर आली. काकांनी खापर डुकरिणींवर फोडलं. आधी तेरा-चौदा पिल्लं देणाऱ्याही त्यांनी गाडीत चढवल्या, म्हणे वय झालं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हट्टाने नराचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल सांगायला त्या शेडवर आल्या, तेव्हा मी आणि मावशी पाणी भरत होतो.

“दोष नरात आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जोडले गेलेत. तो स्वतः ठणठणीत आहे, पण त्याचे निम्मे गर्भ सुरुवातीलाच जातात. डुकरिणींचं काही चुकलं नव्हतं.”

काकांचा चेहरा पडला. मावशीने बादली खाली ठेवली. काकांच्या देखत परक्या माणसाला काही विचारायची तिची ही पहिलीच वेळ असेल.

“हे माणसांतही होतं का हो?”

“होतं. पुरुषाचंही रक्त तपासता येतं.”

दुसरी वहिनी तेव्हा घरात अंथरुणाला खिळून होती. तिचाही गर्भ मागच्याच आठवड्यात गेला होता.

काकांनी त्याच दिवशी गाडी बोलावून नराला पाठवून दिलं. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. जेवताना मावशीने चाचरत विषय काढला, दादाची एकदा तपासणी करून घेऊ म्हणाली. दादा भरल्या ताटावरून उठला.

काकांनी घास गिळला. “माझा मुलगा काय जनावर आहे?”

मावशी पुन्हा वाढायला लागली. मीही मान खाली घालून जेवत राहिले.

वहिनीला चालता येऊ लागल्यावर काकांनी तिलाही माहेरी पोचवलं आणि दादासाठी पुन्हा मुली बघायला लागले. शेडसाठी नवा नर पसंत केला, तोही त्याच दिवसांत. त्याचं रक्त मात्र त्यांनी आधी तपासून घेतलं.